न घडलेल्या गोष्टींचा अभ्यास

प्रश्न शहादा तालुक्यातल्या एका मुलीचा आहे. राज्यशास्त्रात एम.ए. झाली आहे, शांतता-उभारणी आणि मानवी सुरक्षा या विषयात संशोधक व्हायचं म्हणते. घरचे विचारतात, ‘यात नोकरी कसली?’ पुढे काय शिकू, कुठे शिकू, यात पोट भरतं का, आणि त्यासाठी खानदेश सोडावा लागेल का, असं तिने विचारलं आहे.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. शिकायला काही वर्षं बाहेर जा. विषय मात्र तुझ्या दारात आहे. मी हे काम तीस वर्षं केलं. त्यातली चार वर्षं दिल्लीत गेली, बाकीची धुळे, नंदुरबार आणि जळगाव या तीन जिल्ह्यांत. ‘इथे काय युद्ध चाललंय, की तुम्ही शांततेवर संशोधन करता?’ हे मलाही सगळ्यांनी विचारलं. या प्रश्नाचं उत्तर स्वतःशी नीट देता आलं की अर्धं करिअर ठरतं, म्हणून आधी तेच सांगते.

हा विषय ज्ञानशाखा म्हणून उभा राहिला तो योहान गाल्टुंग या नॉर्वेच्या समाजशास्त्रज्ञामुळे. त्यांनी १९५९ मध्ये ऑस्लोला शांतता-संशोधन संस्था सुरू केली आणि १९६९ च्या एका लेखात हिंसेची व्याख्याच रुंद केली. काठी मारणं ही हिंसा, तशीच ज्या व्यवस्थेत औषध असूनही एखाद्याचं मूल मरतं तीही हिंसा. तिला त्यांनी संरचनात्मक हिंसा म्हटलं. मारामारी थांबली म्हणजे नकारात्मक शांतता आणि अन्याय हटला म्हणजे सकारात्मक शांतता, हा भेदही त्यांचाच. लष्करी सेवा नाकारल्याबद्दल हे गृहस्थ तरुणपणी तुरुंगात गेले होते आणि तिथे ते गांधींवर लिहीत होते. आपल्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते शब्दन् शब्द उतरवून घेत. अमळनेरचा तो शिक्षक तिथे जे करत होता ते, म्हणजे मन लावून ऐकणं आणि बोलणाऱ्याचे शब्द न मोडता लिहिणं, हेच आपल्या कामाचं मूळ कौशल्य आहे. विद्यार्थ्यांना मी गाल्टुंगच्या आधी हे सांगते.

मानवी सुरक्षा ही संकल्पना नंतरची. १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थतज्ज्ञाने ती मांडली. तोपर्यंत सुरक्षा म्हणजे सीमा आणि सैन्य. हक म्हणाले, सुरक्षा माणसाची मोजा. त्यांनी तिचे सात भाग केले: आर्थिक, अन्नाची, आरोग्याची, पर्यावरणाची, व्यक्तीची, समुदायाची आणि राजकीय. पुढे सादाको ओगाटा आणि अमर्त्य सेन यांच्या आयोगाने २००३ मध्ये तिला आणखी आकार दिला. पण माझ्या मनात कायमची बसली ती त्या १९९४ च्या अहवालातली एक कल्पना. तिचा आशय असा, की जे मूल मेलं नाही, जी साथ पसरली नाही, जो तणाव दंगलीपर्यंत गेला नाही, ती मानवी सुरक्षा. म्हणजे आपला विषय न घडलेल्या गोष्टींचा आहे. घडलेल्या गोष्टीची बातमी होते, गुन्हा नोंदला जातो, चौकशी समिती बसते. न घडलेल्या गोष्टीची नोंद कुणाकडेच नसते. ती नोंद करणं, आणि ती का घडली नाही हे पुराव्यानिशी सांगणं, हे तुझं काम असेल.

उदाहरण तुझ्या ओळखीचं घेते. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने मारलं. मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते ते. मुलं पळवणारी टोळी फिरतेय ही अफवा मोबाइलवरून पसरली होती. त्या घटनेवर भरपूर लिहिलं गेलं, त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादाही आणली. पण त्या आठवड्यांत ही अफवा राज्यभर फिरत होती. ती पोचलेल्या बहुतेक गावांत कुणावर हात उचलला गेला नाही. का? तिथे अनोळखी माणसाला कुणी आधी अहिराणीत विचारलं, ‘कोठला शेतस?’, म्हणजे कुठले आहात? पोलीस पाटलाचा फोन लागला का? भिक्षेकऱ्यांची दरवर्षीची ओळख होती का? बाजाराचा दिवस नव्हता, एवढाच फरक होता का? या प्रश्नांवर एक पूर्ण पीएचडी उभी राहते, आणि त्यासाठी दिल्लीच्या कुठल्याही विद्यार्थ्यापेक्षा तुझी जागा बरी आहे. ज्या बाईला विचारायचं ती तुझ्याशी अहिराणीत बोलेल. तूही बोललीस, तर दुसऱ्या मिनिटाला चहा ठेवेल.

अशी तुलना करायची पद्धत हवेतली नाही. आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दंगली होणारी आणि न होणारी शहरं जोडीने घेतली: अलीगढ आणि कालिकत, हैदराबाद आणि लखनौ, अहमदाबाद आणि सुरत. जिथे व्यापारी संघ, कामगार संघटना, पक्ष यांत दोन्ही समाजांचे लोक एकत्र काम करतात तिथे अफवेला आवर बसतो, नुसत्या शेजारधर्माने मोठ्या शहरात तेवढं निभत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. सुरतेचा भाग तू मुद्दाम वाच. १९९२-९३ मध्ये जुनं सुरत शांत राहिलं आणि हिंसा झाली ती बाहेरच्या कारखान्यांच्या वस्त्यांत, जिथे कामासाठी आलेली माणसं राहतात. आपल्या प्रत्येक गावातली दोन-चार घरं सुरतेच्या उधना आणि लिंबायत या वस्त्यांत आहेत. हा धागा आपल्या बाजूने कुणीतरी पकडायला हवा.

भिवंडी दुसरं उदाहरण. तिथे १९८०च्या दशकाच्या शेवटी सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्याने मोहल्ला कमिट्या, म्हणजे दोन्ही समाजांचे लोक आणि पोलीस यांच्या वस्तीवार समित्या, बांधल्या. १९८४ ला भीषण दंगल पाहिलेलं ते शहर १९९२-९३ ला मुंबई जळत असताना शांत राहिलं. आपल्याकडची तंटामुक्त गाव मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. तंटे मिटवणाऱ्या गावांना बक्षिसं मिळाली, कमानी उभ्या राहिल्या. मला त्या मोहिमेबद्दल आस्था आहे, पण संशोधक म्हणून तुला विचारावं लागेल, की तंटा मिटला की दबला? बाईच्या मारहाणीची तक्रार गावाच्या बक्षिसासाठी मागे घेतली गेली असेल तर तो तंटा आकड्यात मिटलेला दिसतो. नकारात्मक आणि सकारात्मक शांतता यांतला फरक पुस्तकापेक्षा इथे जास्त स्वच्छ कळतो.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. संघर्षांची जगभर वापरली जाणारी आकडेवारी स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातून येते. तिथे सशस्त्र संघर्ष म्हणून नोंद व्हायला वर्षाला लढाईत किमान २५ मृत्यू लागतात. मोठ्या तुलनेसाठी हा निकष योग्यच आहे. पण त्या चाळणीतून सातपुड्यातलं जमिनीचं भांडण, डाकीण ठरवून गावाबाहेर काढलेली बाई, गिरणेच्या पाटाच्या आवर्तनावरून रात्री झालेली हाणामारी, सगळं खाली गळून जातं. ते गोळा करायला माणूसच लागतो, आणि तो तिथे राहणारा लागतो.

आता एक प्रसंग सांगते, कारण माझी पद्धत त्यातून बदलली. २००९ च्या उन्हाळ्यात अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्यावर चौदा प्रश्नांची छापील प्रश्नावली घेऊन गेले होते. ‘संघर्षाच्या काळात आपल्याला किती असुरक्षित वाटले’ अशा भाषेतले प्रश्न. सोबतचे शिक्षक ते पावरीत, तिथल्या आदिवासींच्या बोलीत, करून सांगत होते. एक आजी शांतपणे ऐकत होत्या. तिसऱ्या प्रश्नाला उठल्या, आत गेल्या आणि पत्र्याची पेटी घेऊन आल्या. लुगड्याखालून त्यांनी मिठाची रिकामी पिशवी काढली आणि तिच्यातून कागद. वनखात्याच्या दंडाच्या पावत्या होत्या. घड्यांवर फाटलेल्या, एकीवर जांभळ्या शाईचा शिक्का अर्धा उमटलेला. ‘अतिक्रमण’ म्हणून त्यांच्या नवऱ्याकडून वेळोवेळी वसूल केलेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण साहेबाने दिलेला कागद टाकायचा नसतो एवढं माहीत होतं. २००६ चा वनहक्क कायदा सांगतो की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचा पुरावा दाखवा. त्या पावत्या दाव्याला जोडल्या गेल्या. ज्या कागदाने त्या घराला वीस वर्षं चोर म्हटलं, तोच आता साक्ष देत होता, की ही माणसं इथे आधीपासून होती.

मी प्रश्नावली पिशवीत घातली आणि एकच विचारलं, रात्री झोप कशाने लागत नाही? त्यांनी पोलीस, दंगा, दरोडा यातलं काही सांगितलं नाही. पावसात पेटी भिजेल याची त्यांना धास्ती होती. हकांच्या सात भागांपैकी किमान चार त्या एका उत्तरात आहेत. तेव्हापासून हा प्रश्न मी सगळीकडे पहिला विचारते. तूही विचार, पण उत्तर आल्यावर लगेच दुसरा प्रश्न टाकू नकोस. थोडं थांब.

सुरक्षा कोणाची, हे विचारायलाही आपला भाग शिकवतो. सरदार सरोवराच्या पाण्याने कुणाची तरी पाण्याची चिंता मिटली आणि अक्राणी-अक्कलकुव्याच्या ३३ गावांची जमीन त्याच पाण्यात गेली किंवा त्याच्या छायेत आली. मणिबेली हे त्यातलं आपल्या बाजूचं पहिलं गाव. तिथल्या लोकांनी लावून धरलं म्हणून जागतिक बँकेला या प्रकल्पाची स्वतंत्र चौकशी करावी लागली, तिचा अहवाल १९९२ मध्ये आला, पुढच्या वर्षी बँकेचं कर्ज या प्रकल्पातून बाहेर पडलं आणि बाधित लोकांना थेट तक्रार करता यावी म्हणून बँकेने त्याच वर्षी तपासणी मंडळ नेमलं. परदेशात शिकायला गेलीस तर वर्गात हे मंडळ शिकवतील. मणिबेली कुठे आहे ते तू नकाशावर दाखव.

आता शिक्षण आणि पैसा. हे थोडक्यात सांगते, कारण यातली माहिती दरवर्षी बदलते आणि ती तू स्वतः ताजी बघायला हवीस.

राज्यशास्त्र चालतं. समाजशास्त्र, समाजकार्य, कायदा, अर्थशास्त्र यातूनही लोक येतात. शांतता-अभ्यासाचीच पदवी हवी असेल तर दिल्लीत जामिया मिल्लियामध्ये नेल्सन मंडेलांच्या नावाचं केंद्र आहे, तिथे संघर्षाचं विश्लेषण आणि शांतता-उभारणी यात एम.ए. होतं. घरी राहून करायचं तर इग्नूचं गांधी आणि शांती अध्ययन आहे. जळगावला जैन हिल्सवर गांधी तीर्थ आहे, त्याचा लाभ आपल्याच भागातले विद्यार्थी सर्वात कमी घेतात, याचं मला वाईट वाटतं. परदेशात ब्रॅडफर्ड, उप्साला, अमेरिकेत नोत्र दाम, आणि कोस्टा रिकामध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९८० साली स्थापलेलं शांतता विद्यापीठ. रोटरीची शांतता शिष्यवृत्ती चांगली आहे, पण ती आधी काही वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव मागते. म्हणून एम.ए. झाल्या झाल्या परदेशाच्या मागे लागू नकोस. आधी दोन-तीन वर्षं एखाद्या संस्थेत गावपातळीवर काम कर. त्या अनुभवावरच अर्ज उभा राहतो.

नेट आणि सेट या प्राध्यापकपदाच्या दोन्ही पात्रता परीक्षा दे. नेटमधून जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात, तेवढ्यात पीएचडीची पहिली दोन वर्षं निश्चिंत जातात. अनुसूचित जमातीतली असशील तर केंद्राची वेगळी फेलोशिप आहे, ती चुकवू नकोस. पीएचडीनंतर प्राध्यापकाची कायम जागा लगेच मिळेल असं मी तुला सांगणार नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारी हुशार मुलं मी पाहिली आहेत. मीही सहा वर्षं अशीच तासिकांवर होते आणि मानधन एकदा अकरा महिन्यांनी आलं होतं. त्यामुळे दुसरा रस्ता पहिल्यापासून तयार ठेव: सामाजिक संस्थांमधलं संशोधन, शासनाच्या योजनांचं मूल्यमापन, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांची छोटी कामं. यातलं मूल्यमापन कौशल्याचं काम आहे आणि त्याला मागणी असते. घरच्यांना सांगताना हे सगळं खरं सांग. सुरुवातीची सात-आठ वर्षं ओढाताणीची जातील. नंतर घर चालतं, माझं चाललं.

अभ्यासक्रमात न शिकवल्या जाणाऱ्या काही गोष्टी आत्ताच शीक. सातबारा, फेरफार, एफआयआर, पंचनामा आणि ग्रामसभेचा ठराव सरळ वाचता आला पाहिजे. माहिती अधिकाराचा अर्ज नेमका लिहिता आला पाहिजे, कारण मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं. थोडी संख्याशास्त्राची भीती घालव. अहिराणी तुला येते, पावरी किंवा भिलोरी यातली एक तरी भाषा बोलण्याइतकी शीक. दुभाषा ठेवला की पंचांचं म्हणणं पोचतं, कोपऱ्यात बसलेल्या सुनेचं पोचत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००० साली १३२५ क्रमांकाचा ठराव करून शांततेच्या बोलण्यात बायका हव्यात असं म्हटलं. आपल्याकडच्या किती पंचायतीत तंटा मिटवताना बाई खाली न बसता बाजेवर बसली होती, हे तू मोजलंस तरी तो एक लेख होईल.

आणि एक गोष्ट मी कळवळून सांगते. आपलं लिखाण लोकांना इजा करू शकतं. एका शहरात दंगल झाली होती. एका गल्लीत जमाव परतवला गेला, तो कसा, यावर मी लेख लिहिला. नावं सगळी बदलली. पण ‘त्या गल्लीतला एकमेव सायकल दुरुस्तीवाला’ असं एक वाक्य राहून गेलं. त्याने मला जमावात कोण होतं ते सांगितलं होतं. लेख छापून आल्यावर आठ दिवसांत लोक त्याच्या दुकानावर गेले. मारलं नाही, पण त्याने दुकान बंद केलं आणि चार महिने मालेगावला बहिणीकडे राहिला. मी भेटायला गेले तेव्हा त्याने मला पाणी दिलं आणि काही बोलला नाही. ती चूक माझी होती, संपादकाची नव्हती, छापखान्याची नव्हती. तेव्हापासून लेख पाठवण्याआधी मी तो त्या गल्लीतल्या वाईट हेतूच्या माणसाच्या डोळ्यांनी वाचते. कोण ओळखू येतंय? आला तर ते वाक्य जातं, मग ते कितीही चांगलं असो. संमती दोनदा घ्यायची, बोलताना एकदा आणि लिहून झाल्यावर त्याच्या भाषेत वाचून दाखवून पुन्हा एकदा. ध्वनिमुद्रण काम झालं की पुसायचं. मोबाइलमध्ये साक्षीदारांचे नंबर खऱ्या नावाने ठेवायचे नाहीत.

मराठीतही लिही. इंग्रजी निबंधाशिवाय नोकरी मिळणार नाही, ते खरं. पण ज्यांच्यावर लिहिलं त्यांना वाचता येत नाही असा निबंध पूर्ण झाला असं मी धरत नाही. मी प्रत्येक कामानंतर आठ-दहा पानांची मराठी पुस्तिका करते आणि त्या गावच्या शाळेत, ग्रामपंचायतीत देते. दोनदा लोकांनी त्यातल्या चुका दाखवल्या. एकदा तर पाड्याचं नावच मी गेली पाच वर्षं चुकीचं लिहीत होते.

आता कुठून सुरुवात करायची ते सांगते. दिवाळी झाली की तुझ्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतील, काही आपल्याकडच्या कारखान्यांना, बऱ्याच गुजरातेत बारडोलीकडे. जान ब्रेमन या डच अभ्यासकाने दक्षिण गुजरातेतल्या या मजुरांवर अनेक दशकं काम केलं आहे, ते मिळवून वाच. पण वाचण्याआधी ट्रक भरायच्या दिवशी तिथे जा. कोयत्यामागे, म्हणजे तोडणाऱ्या जोडीमागे, उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, टोळी नेणारा मुकादम कोण, लहान मुलं सोबत जातात की आजीकडे राहतात, म्हातारी माणसं चार-पाच महिने कुणाच्या भरवशावर, दार कसं बंद करतात, किल्ली कुणाकडे देतात, हे बघ. किल्ली कुणाकडे देतात ते नक्की विचार. गावात कोण कुणावर विश्वास टाकतं हे त्याने जेवढं कळतं तेवढं मला कुठल्याही प्रश्नावलीने कळलेलं नाही. मग होळीला टोळ्या परत येतील तेव्हा त्याच घरी पुन्हा जा आणि काय झालं नाही ते विचार: कुणाची उचल फिटली नाही, कुणाचं भांडण होता होता राहिलं, ते कुणी थांबवलं.

रोज रात्री तारीख घालून हाताने लिही. आपलं मत वेगळ्या पानावर. पहिली वीस पानं झाली की फोटो काढून मला पाठव, टाइप करत बसू नकोस.